गिरजा गेली, गाठ राहिली

धाकटी बहीण गिरजा जाऊन दीड महिना झाला. शेवटची भेटली तेव्हा कोंढा गावच्या घरात, हातमागाच्या खोलीत खाटेवर होती. माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी गेली का तिलेही मारून टाक म्हणजो शोभीले. अर्धी मरून अर्धी राहाची नाही मले." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार…

'ती' म्हणजे गिरजाच्या छातीतली गाठ. तिची मुलगी शोभा मुंबईला कॅन्सरवर संशोधन करते. नागपुरात ऑपरेशन झालं तेव्हा तिने आईला विचारून गाठीचा तुकडा नेला आणि काचेच्या बाटलीत वाढवला. इकडे गिरजा वाळत गेली, तिकडे गाठ जोमात. शोभाचं काम मला समजलं तेवढं सांगते. ती ज्याला जनुक म्हणते ते गाठीच्या पेशीत घालायचं, म्हणजे पेशीची चाल बदलेल. विषाणूवर बसवून पाठवलं तर ते पोचतं, पण विषाणूच उलटला तर? म्हणून ती ते चरबीच्या अगदी बारीक थेंबांत भरते. थेंब गाठीत शिरायला हवेत, आणि गाठीला पोसणाऱ्या आजूबाजूच्या मांसातही. बाटलीत थोड्या पेशी ते घेतात. उंदराच्या अंगात सोडले की बहुतेक थेंब यकृतच गिळून टाकतं.

गिरजाने सगळं ऐकून घेतलं. "मंग माह्या अंगात सोड ना. मी काय उंदराहून गेली?"

"आई, तुझ्या अंगात जाऊन ते काय करन, मलेच ठाऊक नाही."

"मी मरूनच तं राहिली, पगले. आणखी काय बिघडन माह्यं?"

शोभा उठून मागीलदारी गेली. गिरजाने पुन्हा कधी विचारलं नाही. शोभाचं बरोबर होतं असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण गिरजाचा पडलेला चेहरा मी पाहिला आहे.

एकदा तिने विचारलं, "थे गाठ काय खाते वं?" शोभाला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "वासराच्या रक्तातलं पाणी." नवरा गेल्यापासून गिरजाने मासळीसुद्धा सोडली होती. ती इतकी हसली की ठसका लागला. "ऐक वं बाई! मी इथं पेज पिऊन राहिली, अन् थे सटवी मुंबईत वासरू खाऊन राहिली!"

तेरवी झाल्यावर मी शोभाला आईचं म्हणणं सांगितलं.

"मारायले काही लागत नाही, मावशी. खायले घातलं नाही का मरते. पण आईच्याच पेशींत थेंब जरा बरे शिरतात. आता कुठं जमून राहिलं…" मग म्हणाली, "शब्द तू देल्ला. तू सांगशील तसं करीन."

गावातल्या बाया म्हणतात, अंगाचा तुकडा जिता आहे तोवर सुतक फिटत नाही. मला त्याचं काही नाही. माझी अडचण दुसरीच आहे.

चूल विझवण्याआधी गिरजा रोज उंबरठ्यावर उभी राहून मोठ्याने विचारायची, "कोणी उपाशी तं नाही ना?" दारचं कुत्रं असो की भांडून आलेली जाऊ, भात मिळायचा. ज्या सासूने तिला जन्मभर छळलं, तिलाही शेवटी हिनेच भरवलं.

शोभा मुंबईत माझ्या निरोपाची वाट पाहते आहे. मी अजून कळवलं नाही. काल गिरजाचीच चूल विझवायला, निखाऱ्यांवर राख ओढायला बसले आणि तोंडून निघून गेलं, "कोणी उपाशी तं नाही ना?"

घरात मी एकटीच होते. तरी राख ओढायला हात पुढे होईना.