आठव्या क्रुसापर्यंत

फिलोमिनाताई कुणाशीही बोलताना एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवूनच उभ्या राहायच्या. तोंड आमच्याकडे, कान घरात. आतल्या पलंगावर त्यांचे यजमान आंतोनराव होते. चाकणच्या कंपनीत कामावर असतानाच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाही गेली. काही हवं असलं की ते डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटत. पिंपळे गुरवच्या आमच्या इमारतीत तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. "आले, आले," म्हणत ताई बोलणं अर्धवट टाकून आत वळायच्या.

त्यांचं माहेर नगरकडचं. गावामागच्या डोंगरावर जुनं दगडी चर्च होतं. पायथ्यापासून वर जाणाऱ्या वाटेवर चौदा क्रूस उभे होते. गुड फ्रायडेला सगळा गाव प्रत्येक क्रुसापाशी गुडघे टेकत ती वाट चढायचा. "ती वाट चालल्याबिगर माझं वरीस सरल्यागत वाटत न्हाई, वहिनी," त्या म्हणायच्या. आंतोनराव अंथरुणाला खिळल्यापासून मात्र त्या एकदाही गेल्या नव्हत्या. मुलगा तळवड्याला नोकरीला, त्याला सुट्टी मिळायची नाही.

एका वर्षी मीच हट्ट धरला. "मी बसते त्यांच्याजवळ. तुम्ही जा."

चर्चमधल्या बायकांबरोबर त्या पहाटेच गाडीत बसून गेल्या. इकडे आंतोनरावांनी माझ्या हातचा घासही घेतला नाही. दुपारपर्यंत पेला आपटत राहिले. मी ताईंना फोन केला नाही. त्यांचा दिवस मला मोडायचा नव्हता.

संध्याकाळी, सांगितल्या वेळेच्या बऱ्याच आधी, त्या एकट्याच दारात उभ्या!

"वर जाऊन आलात?"

"न्हाई. आठव्या क्रुसापतुर गेले. त्याच्या पुढं फोनला रेंज न्हाई. बाया गेल्या वर. मी खाली उतरले आन् मिळंल त्या गाडीनं आले."

"अहो, पण मी होते ना इथे!"

"तुमी होता, व्हय. पर मला तिथंबी पेल्याचा आवाज येत हुता."

त्यांनी हात धुतले, भात कालवला. आंतोनराव मुकाट्याने जेवू लागले. मला त्यांचा असा संताप आला, की तो चेहऱ्यावर दिसला असावा. जिन्यापर्यंत सोडायला येऊन ताई हळूच म्हणाल्या, "त्यांच्यावर रागवू नका. तेबी अडकल्यातच की. म्या निदान अर्धी वाट तरी बघून आले."

पुढे आंतोनराव गेले. मुलाने ताईंना आपल्याकडे न्यायचं ठरवलं, पण त्याआधी गाडीत घालून डोंगरावर नेऊन आणलं. आता चर्चपर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी उत्सुकतेने विचारलं, "मग? झालं ना मनासारखं?"



"माथा टेकला, मेणबत्ती लावली, आन् पोराला म्हनले, चल, लवकर चल. त्यो म्हनला, आई, कशाची घाई हाय आता?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "खरंच, वहिनी. कशाची घाई हुती, मलाबी सांगता येईना."