जांभळा अंगठा

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., सेकंड क्लास, तेही दिवसा नोकरी करून. वर्कशॉपच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्याला मी दर शनिवारी हाकलायचो. त्यामुळे खालचं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. जे झालं तेवढंच लिहितोय.

माझं प्लास्टिक मोल्डिंगचं वर्कशॉप बुडालं. बोरिवलीचा फ्लॅट बँकेकडे गेला आणि वकिलाच्या सल्ल्याने मी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला. आमच्याकडे तो शब्द शिवी म्हणून वापरतात... मी तो स्वतःबद्दल सही करून लिहून दिला.

भाड्याचं घर शोधताना सुरुवातीला सगळं खरं सांगत होतो. मालक ऐकून घ्यायचे, चहाही पाजायचे, आणि संध्याकाळी एजंटचा फोन — "साहेब, त्यांच्या मेहुण्याला द्यायचं ठरलं." चार घरांना चार मेहुणे निघाले. फ्लॅट रिकामा करायला आठवडा उरला होता. मुलगी दहावीला, सामान खोक्यांत. शेवटी आमचा एजंट प्रदीप वैतागला.

"साहेब, तुम्ही रूम शोधताय की गुन्हा कबूल करताय? गप्प राहा ना यार!"

गप्प राहिलो.

घर मिळालं कांदिवली वेस्टला, गावठाणात. तळमजल्याच्या दोन खोल्या, गल्लीच्या तोंडाशी क्रूस. मालकीण फिलोमिना आंटी वर एकट्या राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच, बोलणं मराठीतच, वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांची अट एकच होती.

"भाडेकरूवर कोर्टाचं काय लफडं नाय, अशी एक ओळ टाक त्या ॲग्रीमेंटात. मागचा पळाला, नि वसुलीवाले माझा दरवाजा ठोकत बसले. मला त्याची आई समजून शिव्या दिल्या रे!"

प्रदीपने ओळ टाकली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी अकरा वाजता आंटींच्या हॉलमध्ये आम्ही चौघे बसलो — आंटी, प्रदीप, मी आणि माझी बायको मंजू. हल्ली ॲग्रीमेंट ऑनलाइन होतं. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन घरी येतो. काचेवर अंगठा ठेवायचा, आधारशी मॅच झाला की काम झालं. शाई नाही, स्टॅम्पपॅड नाही.

आंटी म्हणाल्या, "मला दिसत नाय. तू शिकलेला हायेस, तूच वाचून दाखव."

मी वाचायला लागलो. माझा आवाज चांगला आहे, कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस होतं. ती ओळ आली... आणि मी सरळ खालच्या कलमावर गेलो. खोटं बोललो नाही, नुसतं गाळलं, असं मनाला सांगितलं. मंजूने मान खाली घातली. कलमांच्या गर्दीत आंटींच्या ते लक्षात आलं नाही, त्यांनी समाधानाने अंगठा ठेवला. पहिल्या फटक्यात मॅच.

मग मी ठेवला. नाही. पुसून ठेवला. नाही. डावा ठेवला, बाकीची बोटं ठेवली — नाही. प्रदीपने मशीन काढून परत जोडलं, मंजूचा अंगठा घेतला. लगेच झाला. परत माझा... नाही.

"काच घाण झाली वाटतं," म्हणत प्रदीपने पांढरा रुमाल काढून काच पुसली आणि थांबला. रुमालावर जांभळा डाग होता.

"साहेब, शाई कुठून लावलीत?"

मी अंगठा उलटा केला. जांभळा होता. नखाच्या कडेपर्यंत, ओला. मघाशी मी तोच अंगठा शर्टाला पुसला होता, आणि शर्ट स्वच्छ होता.

तो रंग मी ओळखला.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, घाटकोपरच्या एका गोदामात हमाली करायचे. शाळा पाहिलेली नाही. पगाराच्या दिवशी अंगठा उठवायचे आणि घरी शिरायच्या आधी चाळीच्या नळावर दगडाने घासायचे, पोरांना दिसू नये म्हणून. तरी नखाच्या कडेला जांभळं राहायचंच. एकदा मुकादमाने एक वाचून दाखवलं आणि दुसऱ्याच कागदावर अंगठा घेतला. त्या महिन्यात आई शेजारून पीठ मागून आणायची. मी बी.कॉम. झालो तेव्हा आण्णा पेढा हातात धरून म्हणाले होते, "आपल्या घरातला अंगठा संपला बघ आता."

त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

समोर आंटी. न वाचता येणाऱ्या कागदावर, माझ्या शब्दावर अंगठा देऊन बसलेल्या. म्हणजे मुकादम कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आंटी, मी एक ओळ गाळली," म्हणालो, आणि सगळं सांगितलं. दिवाळखोरीच्या अर्जासकट.

प्रदीपने कपाळाला हात लावला. आंटी लालबुंद झाल्या.

"मग मगाशी काय पोथी वाचत होतास? लाज नाय वाटली?"

"वाटली. म्हणून सांगतोय."

"माझ्या दारात कोण येणार?"

"कोर्टाचे कागद येतील. माणूस आलाच, तर त्याच्यासमोर मी उभा राहीन. तुम्ही नाही."

मंजू पर्स उचलून उठलीच होती. तेव्हा आंटी म्हणाल्या, "बस गं खाली. परदीप, ती ओळ काढ. नि तू, जो कागद येईल तो पयला मला वाचून दाखवायचा. एक पण ओळ न गाळता."

प्रदीपने ओळ काढली. आंटींनी परत अंगठा दिला. मग मी दिला, तसाच, जांभळा. लगेच मॅच.

प्रदीपने ते मशीन नंतर दुकानात दाखवलं. काही बिघाड निघाला नाही. आंटींच्या हॉलमध्ये पेनसुद्धा नव्हतं. माझ्या अंगठ्यावरचा रंग साबणाने गेला, नखाच्या कडेचा मात्र आठवडाभर राहिला. सामान घेऊन इथे राहायला आलो तोपर्यंत होता. मनाचा खेळ म्हणावं तर प्रदीपच्या रुमालाचं काय? उत्तर शोधणं मी सोडलंय.

कोर्टाचे दोन कागद आले. दोन्ही आंटींना पूर्ण वाचून दाखवले. "बोरिंग हाय रे," म्हणाल्या.

अकरा महिने झाले, गेल्या रविवारी ॲग्रीमेंट रिन्यू केलं. तोच हॉल, तेच मशीन. पहिल्या फटक्यात मॅच. मी हळूच अंगठा उलटून पाहिला. स्वच्छ होता.

खरं सांगू? थोडं वाईटच वाटलं.