जिवंतपणीचा रंग

"काहून माफ करू?" असं म्हणून मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, की माफी मागायला आलेला माणूस पुढचं वाक्य गिळून परत फिरायचा.

जबलपूरच्या मदन महल भागात माझं रंगाचं दुकान आहे. मॅडमचं घर समोरच्या गल्लीत. मुलींच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून त्या रिटायर झाल्या होत्या. वडील रांझीच्या फॅक्टरीत होते, मूळ गाव वर्ध्याकडे. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, आमच्यासारखंच. आता जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र काही जवळ नाही. पण ह्या बाई तरुणपणी संशोधनाच्या जहाजावर राहून आलेल्या. ऑटोवाल्याला पत्ता सांगायचा तर "समुंदरवाली दीदी के यहाँ" एवढं पुरे.

लग्न केलं नव्हतं. राग मात्र भरपूर पाळले होते, आणि त्यांना वेळेवर खाऊपिऊ घालायच्या. शेजारच्या गृहस्थांनी एकदा न विचारता त्यांच्या कडुनिंबाची फांदी तोडली. त्यानंतर दर संक्रांतीला मॅडम तिळगूळ वाटत गल्लीभर फिरायच्या, आणि त्या घराच्या अलीकडे आणि पलीकडे मुद्दाम जास्त वेळ गप्पा मारत थांबायच्या. ते गृहस्थ खिडकीत उभे. मी म्हटलं, "मॅडम, आता फांदी पुन्हा फुटली की." त्या म्हणाल्या, "झाडानं माफ केलं असेल, भैया. मी झाड नाही."

मला हे ऐकून आत कुठंतरी बरं वाटायचं. मी दुकानदार माणूस, येईल त्याला हसून नमस्कार करणारा. मला असं रागावताच आलं नाही.

दर दिवाळीआधी त्या गेटचा रंग न्यायला यायच्या. गेट पिवळं. पण कंपनीच्या कार्डावरचा एकही पिवळा त्यांना चालायचा नाही. मी रंग मिसळून काडीवर दाखवायचा आणि त्या मान हलवायच्या. "हा हळद झाला. थोडा कच्च्या आंब्याकडे जाऊ दे. नाही, आता लिंबू झाला." एका गेटसाठी माझी सकाळ जायची. शेवटी एका वर्षी मी वैतागून विचारलं, की गेटला एवढं काय सोनं लागून राहिलंय? मॅडम स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा सांग."

त्या दिवशी पहिल्यांदा जहाज कळलं. सकाळी डेकवर पडलेले उडणारे मासे कसे वेचायचे, ते सांगितलं. जमीन कुठेच दिसत नसताना एक दमलेली पाकोळी दोरावर येऊन बसली आणि माणसं जवळून गेली तरी उडाली नाही. लहान काळे पक्षी पाण्यावर पाय आपटत धावल्यासारखे जायचे. भर समुद्रात लाटांवर चालणारा किडा असतो म्हणाल्या, त्याला किनारा ठाऊकच नसतो. हे बोलताना त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मऊ झाला होता.

मग सर आले. म्हणजे गोष्टीत आले. जहाजावरच्या संशोधकांचे ते प्रमुख. मॅडम रोज पहाटेपासून डेकवर उभं राहून पक्ष्यांच्या नोंदी करायच्या. सरांनी मधल्या बंदरातून ती सगळी निरीक्षणं स्वतःच्या नावाने छापायला पाठवली. "शेवटी आभार बी मानले होते," मॅडम म्हणाल्या. "जहाजाच्या आचाऱ्याचे. चांगला होता आचारी, माझं काही म्हणणं नाही."

पुढे एका सकाळी फार खोल तळावरून ओढून आणलेलं जाळं वर आलं. चिखलात एक समुद्रकाकडी होती. काकडी म्हणजे भाजी नव्हे, तळावर सरपटणारा मऊ जीव. ही हातभर लांब, मागे शिडासारखं उभं शेपूट. अशी कोणी पाहिलेली नव्हती. बाकीचे संशोधक खाली आधीचा चिखल चाळत होते, सरांना समुद्र लागलेला, आणि कॅमेरा सरांच्या खोलीत कुलपात. वरच्या उजेडात तो जीव कढीसारखा सैल पडत गेला आणि रंगही उतरू लागला. स्पिरिटच्या बरणीत गेल्यावर पांढराफटक. खलाशी सोडले तर त्याचा खरा रंग एकट्या मॅडमनी पाहिला. खलाशांना कोण विचारतो?

सर बादली उराशी धरून बंकवर पडले होते. त्यांनी विचारलं, "जिवंत असताना रंग कोणता होता?"

मॅडम म्हणाल्या, "जांभळा."

"आणि खरा कोणता होता?" मी विचारलं.

त्यांनी काडीवरच्या ओल्या पिवळ्याकडे बोट केलं.

तर असा तो सूड. सरांनी तो जीव स्वतःचा शोध म्हणून छापला. वर्णनात लिहिलं, जिवंतपणी रंग जांभळा. मॅडमचं नाव कुठेच नव्हतं. पुस्तकांतून तो जांभळा तसाच पुढे चालत राहिला. मॅडमना एकच हवं होतं. सर जिवंत असताना कोणीतरी तो जीव पुन्हा पाहावा आणि सगळ्या जगापुढे सरांची फजिती व्हावी. त्यासाठी त्या फिरायला जायच्या, साखर सोडली होती, बीपीची गोळी चुकवत नव्हत्या. "तो जगला पाहिजे आणि मीही," म्हणायच्या. वैऱ्याच्या दीर्घायुष्याची इतकी काळजी मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलं नाही.

पण हा सूड त्यांनाही चावायचा, हे मला उशिरा कळलं. कॉलेजात त्या पोरींना बजावायच्या, जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. आणि एका परीक्षेत एका पोरीने पुस्तकात वाचून त्या काकडीचा रंग लिहिला, जांभळा. "पूर्ण मार्क दिले," मॅडम म्हणाल्या. "काय करून राहिली होती मी? घरी येऊन जेवली नाही, भैया." मी म्हटलं, "मग सांगून टाका ना खरं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "काहून? आधी त्याची फजिती होऊ दे, मग माझी."

आणि फजितीचा दिवस आला, बरं का. तीन-चार वर्षांमागची गोष्ट. दुसरं कुठलं तरी जहाज, समुद्राच्या तळाशी उतरणारा कॅमेरा, आणि अंधारातून हळूहळू चालत येणारी ती समुद्रकाकडी. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने व्हिडिओ पाठवला. मॅडम चप्पल न घालता दुकानात आल्या आणि माझा हात धरून मला गेटपाशी घेऊन गेल्या. मोबाइल गेटला चिकटवून धरला. देवाशपथ सांगतो, कुठे मोबाइल संपतो आणि कुठे गेट सुरू होतं, कळत नव्हतं.

"सर?" मी विचारलं.

"जिता आहे!" त्या ओरडल्या. "ठणठणीत जिता आहे!"

त्या संध्याकाळी गल्लीत खोव्याची जिलेबी वाटली. कडुनिंबवाल्यांकडेसुद्धा. ते बिचारे घाबरले, डबा बराच वेळ उघडलाच नाही.

पुढच्या महिन्यात सरांनी संशोधनाच्या मासिकात खुलासा छापला. विद्यार्थिनीने तो कागदावर काढून आणून दिला होता. मॅडम दुकानात स्टुलावर बसून वाचत होत्या. सरांनी लिहिलं होतं, रंगाची ती चुकीची नोंद माझी नव्हे, ती अमुक सहकारी बाईंची. पुढे मॅडमचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली.

"पाहिलं? चूक निघाली तवा नाव आठवलं मेल्याले." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पहिल्यांदा छापून आलं, भैया. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

मला एवढा संताप आला की हातातला डबा मी आपटला, निम्मा रंग फरशीवर. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता लिहून पाठवा की खरा रंग तुम्हालाच ठाऊक होता, गेट साक्षीला आहे.

"म्हणजे लिहावं लागेल की मी जाणूनबुजून खोटं बोलली."

"मग नका लिहू."

"वा! मले रंग समजत नाही असं म्हणून घेऊ?" त्या उठल्या. "खोटारडी म्हणा, चालते. आंधळी नाही म्हणायचं."

त्यांनी खरंच त्या मासिकाला लिहिलं. पिवळा पाहिला, जांभळा सांगितला, मुद्दाम सांगितला, कारण पक्षी माझे होते. एवढंच. कोणी छापलं नाही. उत्तरसुद्धा आलं नाही. मॅडम रोज दुकानात येऊन विचारायच्या, "पोस्टमन आला होता काय इकडे?" उत्तर मोबाइलवर येणार हे त्यांना माहीत होतं, तरीही. त्या थंडीत छातीत कफ झाला आणि आठवडाभरात त्या गेल्या. सर अजून आहेत. त्यांची तब्येत मॅडमनीच जपली होती म्हणायची.

घर भाच्याने विकलं. नवे मालक गेटसाठी राखाडी रंग घ्यायला माझ्याकडेच आले. मागे राखाडीचे डबे रचलेले होते. मी म्हटलं, माल संपला. त्यांनी दुसरीकडून आणला. कडुनिंबवाले गृहस्थ मला भेटून म्हणाले, "भैया, वो पीला अच्छा था." मी त्यांच्याकडे तेव्हापासून जरा बऱ्या नजरेने बघतो.

आता माझ्या दुकानाचं शटर पिवळं आहे. कार्डावर मिळणार नाही तो पिवळा. येणारेजाणारे विचारतात, हा कोणता शेड? तेव्हा मी मॅडमचं नाव सांगतो, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. इथे लिहिलेलं नाही, कारण त्यांचं नाव एकदाच छापलं गेलं आणि ते चुकीच्या रंगाखाली. ऐकायचं असेल तर दुकानात या, आधी शटर बघा, मग सांगतो.

सरांचं नाव मात्र विचारू नका. मॅडमनी घेतलं नव्हतं, मीही घेणार नाही.