चपला आत घे

कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी नव्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत होतो. मुरबाडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. कमलवहिनी किन्हवलीच्या बौद्धवाड्यात, माझ्या भागूआत्याच्या भिंतीला भिंत लागून राहतात. चार दिवस त्या माहेरी, टोकावड्याला गेल्या होत्या. "आत्या गेली रे... काल सकाळीच गेली," त्या म्हणाल्या. "ताप आला म्हून एकटीच येष्टीनं तालुक्याला गेली. पंचायतीत फोन आला तवा आमाला समजलं." काल सकाळी. म्हणजे एक अख्खा दिवस मी आत्या नसलेल्या जगात जेवलो होतो, झोपलो होतो, पुस्तकं लावली होती.

दवाखान्यातल्या सिस्टरनं माझ्यासमोर रजिस्टर उघडलं. आत्याच्या नावापुढे 'नातेवाईक' असा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, 'कोणी नाही'. "आम्ही दोनदा विचारलं हो," सिस्टर म्हणाली. "कुणाला कळवायचं, आजी? म्हणाल्या, मला कोणी नाही." मग तिनं आत्याचा बटवा माझ्या हातात दिला. त्यात तंबाखूची डबी होती, परतीच्या गाडीपुरते पैसे होते आणि घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद होता. त्यावर माझा नंबर होता. माझ्याच अक्षरात.

मला तेव्हा रडू आलं नाही. भीती वाटली. ती कुठली भीती हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मी चौथीत असताना माझी आई गेली आणि वडिलांनी मला त्यांच्या बहिणीकडे, भागूआत्याकडे आणून सोडलं. आत्याला मूल नव्हतं. ती भाताच्या आवणीला, कापणीला दुसऱ्यांच्या शेतावर जायची, उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायची आणि मला शाळेत पाठवायची. पुढे तिचे यजमान वारले, तिची कंबर धरायला लागली आणि कुणीतरी तिचा निराधार पगाराचा अर्ज भरून दिला. अर्ज मंजूर झाला त्या दिवशी तिनं गुळाचा चहा केला. आणि त्याच दिवसापासून ती घाबरायला लागली.

अर्जात लिहिलं होतं की हिला सांभाळणारं कोणी नाही. आत्याला वाचता येत नव्हतं, पण हे वाक्य तिला पाठ होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, नंतर नोकरीला लागलो. तिच्या हिशेबी मी म्हणजे त्या वाक्यातलं खोटं. वाड्यातल्या एका बाईचा पगार बंद झाला होता. का, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. पण आत्यानं ऐकलं होतं की चौकशीला आलेल्या साहेबानं दारातल्या चपला मोजल्या. खरंखोटं कोण जाणे. त्यानंतर मी कधीही गेलो की उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आधी तिचा आवाज यायचा, "आदी चपला आत घे रे." मग 'कसा आहेस', मग पाणी.

एकदा मी पगारातून घेतलेले चामड्याचे बूट घालून गेलो. ती बघतच राहिली. "ही बुटं दारात दिसली ना, तर साहेब मलाच इचारंल, बाई, शेठ आलेत का घरात?" मी हसलो. तीही हसली, पण बूट उचलून तिनं भाताच्या कणगीमागे ठेवलेच.

आणि मग तो दिवस. आम्ही चहाला बसलो होतो. बाहेरून हाक आली, "भागूबाई आहेत का?" तलाठी भाऊसाहेब होते. आत्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी, एक नोकरदार माणूस, चष्मा सांभाळत त्याच कणगीमागे जाऊन उकिडवा बसलो. तिथून मला बाहेरचा ओटा दिसत नव्हता, पण चूल दिसत होती. चुलीजवळ दोन कप भरून ठेवलेले होते. आत्या आत आली, एका कपातला चहा दुसऱ्यात ओतायला गेली, तो मावेना, सांडला. मग तिनं उरलेला तसाच गरम गरम पिऊन टाकला आणि कप राखेत लपवला.

"मुलंबाळं?" बाहेर भाऊसाहेब विचारत होते.

"नाय, भाऊसाहेब."

"कोणी येऊन जाऊन बघणारं?"

"कोन हाय बघनारं? मला कोन नाय."

भाऊसाहेब भला माणूस होता. "चहाबिहा नको, आजी, बसा," म्हणाला आणि गेला. आत्या आत येऊन माझ्याकडे न बघता जमिनीवर सांडलेला चहा पुसायला लागली. "लागलं का रे तुला?" तिनं विचारलं. मला वाटलं, कणगीची काडी लागली का असं विचारतेय. "नाही," मी म्हणालो. आज वाटतं, ती तसं विचारत नव्हती...

कामगार, गरिबी, सरकारी मदत यांवरची पुस्तकं माझ्या ग्रंथालयात एका सबंध कपाटात आहेत. त्यांतली बरीचशी मी वाचली आहेत. मदत मिळण्यासाठी माणसाला आपली गरिबी सिद्ध करावी लागते, असं त्यांत असतं. पण सिद्ध करता करता माणूस घरातली माणसंही एकेक करून पुसत जातो, हे मी कणगीमागे बसून शिकलो. आणि एवढं वाचूनही आत्याच्या पगाराचा साधा नियम मी कधी वाचला नाही. कचेरीत जाऊन विचारावं असं अनेकदा मनात आलं. विचारलं तर त्यांच्या लक्षात येईल, या भीतीनं विचारलं नाही. मी वाढलो होतो तिच्याच घरात.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. वेळेत कळवलं नाही तर पुढचा पगार जमा होईल, मग वसुली निघेल, असं मला वाटत होतं. टेबलामागचा कारकून तरुण होता. "तुम्ही कोण त्यांचे?"

"शेजारी," मी म्हणालो.

कुणी धमकावलं नव्हतं. आत्या आता कुठल्याही चौकशीच्या पलीकडे होती. तरी माझ्या तोंडून तेच निघालं.

"शेजाऱ्याचा अर्ज कसा घेऊ? नातेवाईक नाही का कोणी?"

मी मृत्यूचा दाखला त्याच्यापुढे सरकवला. "मी... भाचा आहे. नोकरीला आहे. मीच बघत होतो त्यांना." मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तो लिहीत होता. "यामुळे काही... त्यांच्या पगाराला काही अडचण होती का?"

"भाच्याची?" त्यानं मान वर केली. "भाचा कुठे धरतात, सर? पोटचा मुलगा कमावता असता तर गोष्ट वेगळी. इथे सही करा."

मी सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसलो.

तिच्या जलदानविधीला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, वाडा सगळा लोटला. ज्यांच्या शेतावर ती राबली ते आले, भट्टीवरच्या जुन्या बाया आल्या. मी येताना पाहिलं तेव्हा तिच्या दारात चपलांचा खच पडला होता. रबरी, प्लास्टिकच्या, अंगठा तुटलेल्या, लहान मुलांच्या. इतक्या चपला, आणि दार सताड उघडं. क्षणभर खरोखर वाटलं, कुणीतरी पटकन आवरायला हवं...

बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. संध्याकाळी मी निघालो आणि दारात चपला शोधू लागलो. लोक आपापल्या घालून गेले, खच कमी कमी होत गेला, शेवटी दार रिकामं झालं. माझ्या नव्हत्या. "कोन घालून गेला काय?" कमलवहिनी म्हणाल्या. त्या आत झाडायला गेल्या आणि त्यांनी आतून हाक मारली.

"अरे, तुज्या चपला हितं कणगीमागं कोनी ठेवल्या?"