वरची रेघ

नारायण पेठेतल्या गोपाळकृष्णांचा जन्म मोडी कागद वाचण्यात गेला. एरवी माणूस अबोल, पण जुना कागद पुढे आला की खुलायचा. निवृत्तीनंतर घराजवळच मध्ययुगीन लॅटिन हस्तलिखितं वाचायला शिकवणारा वर्ग निघाला, तेव्हा त्यांना वाटलं, अक्षर ते अक्षर; लागेल हळूहळू.

लागेना. एन, एम, यू सगळे सारखेच, कुंपणाचे खुंट ठोकावेत तसे. पाळी आली की ते चष्मा पुसत बसायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, या रविवारी एक ओळ धड वाचता आली नाही तर गाशा गुंडाळायचा. बायकोला, कुसुमताईंना, तसं सांगूनही टाकलं.

आठवडाभर एकच ओळ घोकली. रविवारी निघण्यापूर्वी ते मोठ्याने म्हणून पाहत होते, "पाने एत विनु..."

"पानं केव्हाच घेतलीत," कुसुमताई आतून म्हणाल्या. "उठा."

"अगं, लॅटिन आहे ते."

"असेना. आमटी मराठी आहे, निवतेय."

वर्गात शिकवणारी नम्रता, त्यांच्या नातीच्या वयाची. तिने खूण केली. "काका, तुम्ही."

"पाने एत विनु."

"वरची रेघ सोडलीत."

"शिरोरेघ ना ती? ती कशी वाचायची?"

आता नम्रताच गोंधळली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगतात, रेघ आपली नुसती असते, हे त्यांनी चाचरत सांगितलं.

"लॅटिनमध्ये कुठली शिरोरेघ, काका! रेघ म्हणजे अक्षर गाळलंय. इथे एम. पानेम एत विनुम. भाकरी आणि द्राक्षारस."

म्हणजे आठवडाभर नेमकं वाचायचं तेच सोडलं होतं. पुढच्या शब्दात डी, एन, एस आणि वर रेघ. त्यांनी घाईने एम जोडला. "दन्सम."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"तिथे दोमिनुस, म्हणजे प्रभू," नम्रता म्हणाली.

"मग एम?"

"आहे ना, मधे. ओ, आय, यूसुद्धा गाळलेत."

"आणि ते वाचणाऱ्याने ओळखायचं?"

"हो."

"लिहिणारा पुण्याचा होता का?" ते पुटपुटले. सगळा वर्ग हसला, तसे ते ओशाळले.

ओळ काही धड झाली नव्हती. ठरल्याप्रमाणे उठायला हवं होतं.

"काका, आज इथेच थांबायचं का?" नम्रताने विचारलं.

"थांबायचंच ठरलं होतं," कागद डोळ्यांशी नेत ते म्हणाले. "पण या शब्दावर दोन रेघा आहेत. हे काय आणखी?"