केरसुणीचं जाकीट

इटलीतल्या व्हेनोसाहून ब्रिंडिसीपर्यंत आम्ही दर एप्रिलमध्ये पायी जातो, जुन्या रोमन रस्त्याने, आप्पियाने. अकरा जण, सगळे पेन्शनवाले. पुढे चालते फिलोमेना. ती शाळेची हेडबाई होती आणि आम्हाला अजून चौथीतली पोरंच समजते. सगळ्यांत शेवटी चालणाऱ्याला आमच्यात केरसुणी म्हणतात. रेंगाळलेल्यांना गोळा करत आणायचं, हे त्याचं काम. त्याचं नारिंगी जाकीट दिसलं की फिलोमेना डोकी मोजत नाही, सगळे आले असं धरून चालते.

पंधरा वर्षं ते जाकीट कानिओच्या अंगावर होतं. हा बाबा चौतीस वर्षं गावची बस चालवायचा. "आयुष्यभर लोकांना पाठीशी घेऊन हिंडलो, आता पुढ्यात घालून हाकतो," म्हणायचा. आणि हाकायचा कसा, तर "चला आजीबाई, संध्याकाळ व्हायला आली," असं मला, सकाळी नऊ वाजता. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, हे शंभरदा सांगून झालं.

यंदा त्याच्या गुडघ्याने दगा दिला. पहिल्याच दिवशी आमची जेवणं उरकली तरी केरसुणीचा पत्ता नाही. अर्ध्या तासाने एकटाच लंगडत आला.

"केरसुणीच मागे राहिली तर तिला गोळा कोण करणार?" फिलोमेना म्हणाली. "उद्या असा एकटा आलास, तर परवापासून सामानाच्या गाडीत बसायचं."

कानिओने पास्ता नुसता चिवडला. मला फिलोमेनाचा असा राग आला म्हणून सांगू. त्यातून तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून मागे राहिले. बांधावरची रानभाजी खुडली. मग कानिओला नणंदेच्या लग्नातलं भांडण पहिल्यापासून सांगितलं. पुढच्या वळणावर पाहते तर आमच्यातला दोनातो दगडावर बसून बुटातला खडा शोधतोय. त्याच्यापुढे दोघी बहिणी एका मेंढीचे फोटो काढताहेत. मेंढीसुद्धा कंटाळली होती. अशी एकेक करत सगळी वरात मागे. मुक्कामाच्या गावी चौकात फिलोमेना एकटीच, कमरेवर हात ठेवून दीड तास उभी.

"झालंय काय तुम्हाला?" तिने विचारलं.

दोनातोने खडा दाखवला.

कानिओने जाकीट काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "मला काय खुळा समजलात? सगळ्यांना खोळंबवून ठेवणारी केरसुणी काय कामाची? घाल तू. पण गाडीत मी बसणार नाही. तुझ्यापुढे चालेन, जमेल तसा. तू आण मला गोळा करून."

फिलोमेना काही म्हणाली नाही, म्हणजे चाललं.

तिसऱ्या दिवशी मी शेवटी. चांगले झणझणीत टोमणे तयार ठेवले होते. पण चालताना कानिओची पाठ मी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. ती इतकी वाकली असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी गप्प बसले, पावलं लहान केली आणि त्याच्या मागे चालत राहिले.