झरोक्यातला सुताचा बोळा

सातवीत शाळा सोडून मी नांदेडहून कबनूरला यंत्रमागावर कामाला आलो. एका हिवाळ्यात आई भेटायला आली. तिला आंघोळीत वारं लागू नये म्हणून न्हाणीघराच्या झरोक्यात मीच कारखान्यातलं टाकाऊ सूत घट्ट कोंबलं. आत गॅस गिझर होता.

सकाळी पाणी पडल्याचा आवाज येत होता, पण आई हाकेला ओ देईना. घरमालकीण काकूंनी धडक मारून दार उघडलं आणि तिला लुगड्यात गुंडाळून अंगणात आणलं.

"झरोका कुणी बुजवला रं? गॅस बाहेर जायला वाट नको व्हय?"

आईनं डोळे उघडले तसे मी काकूंचे पाय धरले.

"पाय सोड. आधी त्यो बोळा काढ की!"

बोळा काढला. तरी आई गावी परतेपर्यंत तिच्या आंघोळीच्या वेळी मी दाराबाहेर उभा राहून तिला बोलतं ठेवायचो.